शिक्षा झालेले देव

उत्खननात सापडलेल्या देवाच्या मूर्तीचा तो मातीचा हात शेंगदाण्याएवढा, पाचही बोटं शाबूत, आणि मनगटापाशी… तिनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं… मनगटापाशी तो निखळलेला नव्हताच. कुणीतरी पात्यानं कापला होता, एका घावात नाही, पुन्हा पुन्हा, दातओठ खाऊन. म्हणजे आधीच्या मूर्तींचंही असंच असणार, आणि तिनं वर्षानुवर्षं त्या खुणा घासून, लेप भरून हात जागच्या जागी बसवले होते.

संग्रहालयातल्या या खोलीत तिला आणलं सरांनी, काम शिकवलं सरांनी. चुकलं की म्हणायचे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, आणि ती बिचारी सोसायची. सर म्हणतील ती पूर्व दिशा.

सकाळी तिनं विचारलं, तर त्यांनी हातातला चहाचा कपही खाली ठेवला नाही.

"कापलेलेच आहेत गं. नदी आटली, मूल दगावलं की या मूर्ती घडवणारे ते जुने लोक देवाला शिक्षा करायचे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. पण थोटे देव बघायला कोण येणार? आणि तू जोडतेस छान."

छान! कुणी देवाला न्हाऊमाखू घालायचे, कुणी तो शहर सोडून जाईल म्हणून साखळीनं बांधायचे, कुणी म्हणायचे त्याला रूपच नाही – कपाटांवरच्या पाट्यांवर हे सगळं तिनंच लिहिलं होतं, सरांनी सांगितलं तसं. ज्यांनी देवाला जाब विचारला त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. आई गेली तेव्हा बाबा म्हणाले होते, देवाला बोल लावू नये, आणि तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता… आणि इथं कुणी एक बाई, मूल गमावलेली, पातं घेऊन देवासमोर उभी राहिली असणार. तिचा तो राग मी पुसला. मी, शाबासकी घेऊन! केसानं गळा कापला सरांनी, माझा आणि त्या बाईचाही.

संध्याकाळी सर डोकावले. "झाला का जोडून?"

"मी नाही जोडणार."

"बरं वाटत नाहीये का?" आवाज नेहमीसारखाच मायेचा. ती माया खरी होती, हेच तिला सहन होईना. उठून चालू लागावं, पुन्हा तोंड पाहू नये… पण या मूर्ती सापडल्या होत्या घराघरांत, चुलीशेजारी. हात तोडूनही त्या लोकांनी देव बाहेर फेकला नव्हता. रागवायला तरी तो समोर हवाच ना.

"बसा, सर," ती म्हणाली. पुढं काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. फक्त आज पहिल्यांदाच त्यांची भीती वाटत नव्हती.