साठ अंशांचे तीन वाटे

आमच्या लातुरात चाचणी झाली की संध्याकाळी क्लासच्या फाटकावर उत्तरं आणि गुणांची यादी डकवतात आणि पालक ती वर्तमानपत्रापेक्षा मन लावून वाचतात. त्या दिवशी तिसावं उत्तर पाहून मी कपाळाला हात लावला. फक्त पट्टी आणि कंपास वापरून साठ अंशांच्या कोनाचे तीन समान भाग करा, हा प्रश्न क्लासचे मालक राघवेंद्र सरांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकातून उचलला होता. दोन हजार वर्षं तो कुणाला सुटला नाही, आणि सुटणारच नाही हे सिद्ध होऊनही दीडशे वर्षं उलटली. सरांनी मात्र उत्तराची आकृतीसुद्धा छापली होती.

मी भूमिती शिकवते आणि मला राग लवकर येतो. तरातरा ऑफिसात गेले, तर माझ्या वर्गातली लुंबिनी आधीच तिथं उभी. भूकंपात औशाकडचं घर पडल्यापासून तिच्या घरचे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. स्पेशल बॅचमधली शेवटची जागा तिची याच प्रश्नानं हुकली होती. बाकीच्यांनी सरांसारखी आकृती काढून पूर्ण गुण घेतले, हिनं ‘हे होत नाही’ लिहून भोपळा मिळवला.

“होतं की,” सर म्हणाले. “कोनमापकानं मोजलंय मी.”

“लहान आकृतीत कळत न्हाई, सर. मोठी काढू,” लुंबिनी म्हणाली.

शेजारच्या प्लॉटवर पाया आखणं चाललं होतं. भूकंपानंतर लातुरात जिकडंतिकडं तेच चाललं होतं. तिथून दोरी आणि रेषा आखायची पांढरी फक्की मागून आणली. लुंबिनीनं सरांच्याच रीतीनं अंगणभर कोन आणि त्याची कमान आखली, कमानीची टोकं जोडणाऱ्या रेषेचे तीन सारखे भाग केले आणि कोनाच्या टोकापासून त्यांतून कमानीपर्यंत रेषा ओढल्या. मग दोरीनं कमानीचे तुकडे मोजले. मधला तुकडा जवळजवळ फूटभर मोठा भरला.

“ही रीत चुकली असेल,” सर म्हणाले. “दुसरी सापडेल.”

“कोणतीच सापडणार न्हाई. पट्टी-कंपासनं वर्गमुळापर्यंतच जाता येतं. साठ अंशांचे तीन भाग करायला घन समीकरण लागतं, ते वर्गमुळांनी सुटत न्हाई.” तिनं ऑफिसातल्या फळ्यावर सगळं मांडलं. मी ओळ न् ओळ तपासली. कुठंही चूक नव्हती. मला तिचा फार अभिमान वाटला.

सरांनी घाम पुसला. “बरं, प्रश्न रद्द. सगळ्यांना पूर्ण गुण. तुझीही जागा झाली, जा आता.”

ती हलली नाही. “रद्द नको, सर. उत्तर हाय त्याला.”

“पालक माझ्या अंगावर येतील. जास्त बोललीस तर आहे तेच ठेवीन.”

“ठेवा. भूकंपात लई मदत घेतली आम्ही. हे गुण मदतीतले नकोत. हे माझे हायत.”

सर उठून स्वतःच फाटकापाशी गेले आणि आकृतीवर काट मारून लिहिलं : अशक्य.

सकाळी एका पालकानं विचारलंच, “अशक्य हे काय उत्तर झालं?”

“तेच बरोबर आहे,” सर ऐटीत म्हणाले, “आणि ते आमच्याच क्लासच्या पोरीनं दिलंय.”

लुंबिनी तोवर स्पेशल बॅचच्या पहिल्या बाकावर जाऊन बसली होती.