पूर्ण पडद्याला कडी नाही

मित्रांनो, अनुपमा गेल्याचं अंधेरीच्या ऑफिसात कळलं, तेव्हा मी तिच्या संगणकावर उघडाच होतो. तिच्यासोबत काम करणाऱ्या रुचिराने फोन खाली ठेवला. "अनुताई पहाटे गेली," ती म्हणाली. कुणीतरी संगणक बंद करायला पुढे आलं. "राहू दे," रुचिरा म्हणाली.

मी एक जुना फुल स्क्रीन आहे. कामाचं नियोजन करायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये मी राहतो. कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, ते लोक त्यात लिहितात. माझं बटण दाबलं की बाकीच्या खिडक्या, पट्ट्या, घड्याळ सगळं दूर होतं आणि पडदाभर फक्त काम उरतं. अनुपमाने मला बनवलं.

तिचा नवरा लवू चारकोपला लोखंडी ग्रिल आणि गेट बनवतो. त्याच्या वर्कशॉपमध्ये तिने हे सॉफ्टवेअर बसवून दिलं. लवूने लांबूनच पाहिलं. अक्षरं फार बारीक होती.

"वेल्डिंग सोडून मी ह्या मुंग्या वाचूक बसू?"

"चष्मा लाव."

"वेल्डिंगच्या चष्म्यावर? तूच लावून दाखव."

तिने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि संगणकाच्या पडद्याच्या कडांना चिकटवला. मग वेल्डिंगच्या टेबलापाशी उभी राहून वाचू लागली. जे दिसेना ते तिने मोठं केलं. जे नको होतं ते पुठ्ठ्याखाली गेलं. मग तेच तिने सॉफ्टवेअरमध्ये उतरवलं. असा मी तयार झालो.

वर्कशॉपमध्ये माझं कौतुक झालं. मान वर केली की दिसायचं, आज मुलुंडच्या गेटला रंग, उद्या बोरिवलीची ग्रिल. पण लवूला माझ्यातून बाहेर पडता येईना. त्यासाठी कीबोर्डच्या कोपऱ्यातली एक छोटी कळ दाबावी लागते. लवू सरळ संगणकाची पिन सॉकेटमधून काढायचा.

"अरे, कितीदा सांगू? एस्केप दाब."

"हातात ग्लोव्हज असतात गं. गेट केलंस नि आतून कडी नाय बसवलीस? आमच्याकडे असलं गेट गिऱ्हाईक परत पाठवतं."

ती खूप हसली आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेर पडायचं बटण बनवायला बसली. उजवीकडे वर ठेवलं, तर लवूचा हात डावीकडे खाली जायचा. तिथे ठेवलं, तर कामाची शेवटची ओळ झाकली जायची. मग ती आजारी पडली.

ती गेल्यावर ऑफिसचा प्रमुख हर्षद म्हणाला, "एस्केप सगळ्यांना माहीत असतं. बटण सोडा. वर सूचनांची एक पट्टी टाका." ती पट्टी माझ्या कपाळावर बसली आणि आजच्या कामाची पहिली ओळ तिच्याखाली गेली. मला ते मान्य नव्हतं. आजही नाही. मला जुना म्हणा, काढून टाका. पण कामावर झाकण घालायला मला बनवलेलं नाही.

काही दिवसांनी लवू तिचा डबा आणि शाल न्यायला आला. हर्षदने त्याला तिच्या खुर्चीत बसवलं. "लवूभाऊ, बघा. वहिनींचं काम आम्ही पुढे नेलंय."

लवूने मला पाहिलं. पट्टी पाहिली. बाहेर पडायला जागा शोधली. मग टेबलाखाली वाकला आणि पिन काढली.

"अहो, एस्केप दाबायचं."

"नाय दाबणार. ती म्हणायची, बाहेर पडता येत नाय ही माणसाची चूक नाय. ती पट्टी काढा. नि कडी बसवा."

"पुढच्या आठवड्यात हे बाजारात जायचंय."

"मग थांबवा. तिच्या नावावर अर्धं गेट विकायचं नाय."

लवू डबा आणि शाल घेऊन गेला. रुचिराने कुणाला न विचारता पट्टी काढली. हर्षदने ते पाहिलं आणि मला बाजारात पाठवायचं थांबवलं.

मित्रांनो, तुम्ही मोठेपणी काहीही बनवा. ज्याच्यासाठी बनवाल त्याच्या जागी एकदा उभे राहा, त्याच्या हातातले ग्लोव्हज घालून. आणि दुसऱ्याने जीव लावून केलेल्या वस्तूवर आपली पट्टी चिकटवू नका. चिकटवलीत तर माझ्यासारख्याला ती कधीच मान्य होणार नाही.

रुचिरा अजून जागा शोधते आहे. चारकोपला लवू अजून पिन काढतो. बाहेर पडायचं बटण अजून बसलेलं नाही.