बरणी निवेपर्यंत

“दार उघडणार नाही म्हणजे नाही,” भट्टीवालीने मालकाला तोंडावर सांगितलं. “उद्या सकाळी आठला. एक मिनिटही आधी नाही.”

मालकाने घड्याळ पाहिलं. चार वाजता तिच्याच नवऱ्याचा निरोप समारंभ होता. एकतीस वर्षं काच फुंकून माणूस आज घरी बसणार होता. त्याने सकाळी केलेली शेवटची बरणी टेबलावर मांडायची, असं मालकाच्या मनात होतं.

बरणी होतीही मांडण्यासारखी. वाळू, सोडा आणि चुनखडी वितळून पाकासारखी झाली होती. त्याने नळीच्या टोकावर गोळा घेतला, फिरवत फिरवत फुंकला, आणि बरणीला घागरीएवढं पोट आणलं. कारखान्यात त्याला फुग्या का म्हणतात, हे त्याचे गाल बघून परक्यालाही कळलं असतं. नंतर तो दहा मिनिटं स्टुलावर धापा टाकत बसला. फुंकणं आता बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुन्हा अशी बरणी होणार नव्हती.

बरणी आता होती काच निववायच्या भट्टीत, आणि ती भट्टी त्याच्या बायकोच्या ताब्यात. तिथे गरम काच तासातासाने गार करायची. घाई केली की बाहेरून गार दिसते, आत ताण राहतो. अंगावर ओरखडा नसतो, आणि दोन दिवसांनी फळीवर नुसती ठेवलेली असताना तडकते. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने एक फुलदाणी अशी गमावली होती. तेव्हापासून तिला कुणी घाई करायला लावू शकलं नव्हतं, सासूसुद्धा नाही.

साडेतीनला फुग्या स्वतःच आला, इस्त्रीच्या शर्टात.

“अगं, चार लोकांसमोर एकदा हातात घेऊ दे. मग तडकली तर तडकली.”

ती म्हणाली, “आणि तडकली तर दुसरी करणार आहात?”

तो तसाच वळून समारंभाला गेला.

भाषणं झाली, टाळ्या झाल्या. टेबलावर नुसतंच पांढरं कापड. घरी तो रात्रभर कूस बदलत राहिला. ती मात्र गाढ झोपली. आपलं बरोबर आहे हे ठाऊक असलं की झोप लागते.

सकाळी तो तिच्याबरोबर फाटकापर्यंत आला. वॉचमन ओशाळून म्हणाला, “काका, तुमचं कार्ड काल जमा झालंय...” तो बाहेरच थांबला.

आठ वाजून पाच मिनिटांनी ती बरणी घेऊन बाहेर आली. त्याने नखाने टिचकी मारून कान लावला. स्वच्छ, लांब आवाज आला.

“अखंड आहे,” तो म्हणाला. “काल माझं ऐकलं नाहीस, बरं केलंस.”

“आता घरी न्या.”

“मालकाला विचारलंस?”

“सांगितलं.”

तो मोठ्याने हसला, खोकला, आणि बरणी छातीशी धरून रस्त्याच्या कडेने निघाला. ती बघत राहिली. तिला अभिमानही वाटला आणि रडूही आलं. एरवी एका जिन्यात तीनदा थांबणारा माणूस, वळणापर्यंत कुठेही टेकला नाही.