गाठ सोडा, रुमाल परत द्या

मित्रांनो, माझ्या कोपऱ्यांना जरा हात लावून पाहा. मऊ लागतात ना? गाठी बसून आणि सुटून ते असे झाले आहेत. मी एक जुना निळा रुमाल आहे. पण खिशातला नव्हे बरे, भेटवस्तू बांधायचा.

शिवणकाम करणाऱ्या एका आईने पडद्याच्या उरलेल्या कापडातून मला कापले आणि चारही बाजूंनी बारीक टीप मारली. तिला दोन मुली. थोरली लग्न होऊन पुलापलीकडे गेली, तेव्हा सणाची भेट आईने माझ्यात बांधून धाकटीच्या हाती पाठवली. निरोप एवढाच होता, "रुमाल परत येऊ दे, पण रिकामा नको."

आई देवाघरी गेली, तरी बहिणींनी तो नेम मोडला नाही. दर सणाला मी या घरून त्या घरी जायचो. पोटात कधी लोकरीचे मोजे, कधी कपबशा, एकदा तर गुलाबाचे रोप, मातीसकट! "एवढीशी वस्तू आणि केवढा थाट गं!" असे शेजारणी म्हणायच्या. माझ्या गाठीला कधी कात्री लागली नाही. ती नखाने हळूच सोडवली जाई.

मग धाकटीच्या घरी सून आली. थोरलीने माझ्यात काचेची बरणी बांधून तिला पाठवली. पोर गुणाची. तिला वाटले, रुमालही भेटीतलाच. तिने मला धुतले, इस्त्री केली आणि स्वतःच्या कपाटात जपून ठेवले. धाकटी समजली, सुनेने परत पाठवला असेल. कौतुकानेच ठेवला होता हो, पण मी अडकलो.

थोरली वाट पाहत राहिली. एवढासा रुमाल मागायचा कसा? धाकटीला नकोसा झाला असेल, असे मनाशी म्हणून पुढच्या सणाला तिने दुकानातून खोके पाठवले. चकचकीत कागद, फिती, खोक्यात खोके, आणि आत एक साबणदाणी. धाकटीचा चेहरा उतरला. "रुमाल तिच्या घरात असून ताईनं दुकानातून बांधून घेतलं. परकी झाले मी." मग तिनेही त्याहून मोठे खोके धाडले. दर सणाला कागद टराटरा फाटल्याचा आवाज मला कपाटात ऐकू येई. कचरा न्यायला येणारी बाई दारातून ओरडे, "अहो, आत हत्ती होता की काय? पोतं भरलं माझं!" घरात कुणी हसत नसे. बहिणींचे फोनही कमी झाले.

अंधारात मला पुलावरचा वारा आठवायचा. थोरली ओल्या हातांनीच दार उघडायला धावायची, ते आठवायचे. कुणीतरी मला बांधावे, एवढेच मी देवाजवळ मागत असे.

यंदा धाकटी कागद आणायला निघाली, तेव्हा सून म्हणाली, "कशाला आई? मावशींनी मला दिलेला रुमाल आहे की." तिने मला कपाटातून काढले, तशी धाकटीने मला झटकन हातात घेतले.

"अगं, हा तुझ्याकडे? परत नाही पाठवलास?"

"परत पाठवायचा असतो?" सून रडवेली झाली. "मला वाटलं, माझाच आहे."

धाकटीने स्वतः विणलेली शाल माझ्यात बांधली आणि तशीच पूल ओलांडून गेली. सुनेचा घोटाळा ऐकून थोरलीने मला छातीशी धरले.

"मी आपली वाट बघतेय वेड्यासारखी!"

"मग मागायचास ना, ताई."

"आणि तू विचारायचंस ना, कागदात का पाठवतेस म्हणून!"

निघताना धाकटीने विचारले, "रुमाल कधी पाठवतेस?"

"नाही पाठवणार. तूच ये मागायला."

म्हणून सध्या मी थोरलीच्या खुंटीवर आहे. मित्रांनो, फाटलेल्या कागदाची वाट कुणी पाहत नाही. भेट अशा कशात तरी बांधा, जे परत येऊ शकेल. आणि नाही आले तर मागायला लाजू नका. मला काही स्वतः जाऊन कुणाला बोलावता येत नाही. जिन्यात पाऊल वाजले, की एवढेच वाटते, ती आली.