गादीवरचा मुडदा

गाद्यांच्या त्या कारखान्यात त्याला सगळे मुडदा म्हणायचे, आणि तोही खुशाल ओ द्यायचा. दरवर्षी सुरक्षा सप्ताहात तपासणीसाला दाखवायला हार्ट अटॅकचं प्रात्यक्षिक व्हायचं. शिकवायचा रबरी पुतळा महाग, माणूस फुकट. मग फोमची कोरी गादी अंथरायची, ह्यानं तिच्यावर डोळे मिटून पडायचं, सुपरवायझरनं त्याच्या छातीवर तळहात ठेवायचे आणि फोटो काढायचा. धडधाकट माणसाची छाती खरोखर दाबता येत नाही. त्यामुळे सहा वर्षांत कोणी काही दाबलंच नव्हतं. मुडद्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळायची, आणि नर्सबाई कागदावरून जे वाचायच्या ते पडल्यापडल्या फुकटात पाठ व्हायचं. घरी येऊन तो वहिनीला घडाघडा म्हणून दाखवायचा.

वहिनी त्याच्यापासून चार टेबलं सोडून गाद्यांच्या कडा शिवायची. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दहा वर्षांचा होता. दीर म्हणायचा एवढंच, वाढवला तिनंच.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला तो फोम कापता कापता थांबला आणि मूठ छातीवर धरून उभा राहिला. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी सदरा अंगाला चिकटलेला. चेहरा राखेसारखा.

"काय झालं, भावजी?"

"काही नाही, पित्त."

"पित्तानं घाम फुटतो का एवढा? हात दुखतोय?"

"जड झालाय. जबडापण ओढल्यासारखा होतोय."

"अहो, हा तुमचाच पाठ आहे!"

"तो दुसऱ्यांसाठी असतो, वहिनी," तो म्हणाला आणि हसायला गेला. ते जमलं नाही.

पलीकडून पॅकिंगवाला ओरडला, "अरे मुडद्या, प्रात्यक्षिक सोमवारी आहे! आजपासूनच सराव का?" सगळा हॉल हसला. हसणाऱ्यांना दोष तरी काय द्यायचा? सहा वर्षं हेच तर शिकवलं होतं त्यांना.

वहिनीनं त्याला भिंतीला टेकवून बसवलं, गुडघे उभे केले, पट्टा सैल केला. "अँब्युलन्स बोलवा!"

सुपरवायझर धावत आला. "थांबा, थांबा. मोठ्या साहेबांना विचारतो. सोमवारी तपासणी, आणि आज गेटवर अँब्युलन्स..."

तिनं सुपरवायझरच्या खिशातला फोन ओढून काढला, त्याच्याच बोटानं उघडला आणि नंबर लावला. फोनवरच्या बाईनं विचारलं, ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का? नसेल तर एक गोळी चावून खायला द्या. प्रथमोपचाराच्या पेटीत वाळलेली चिकटपट्टी निघाली आणि एक मेलेलं झुरळ.

"वहिनी, दादाला सांगू नका, उगाच घाबरेल," तो म्हणाला, आणि कलंडला.

घशातून घर्र आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"श्वास चालू आहे," सुपरवायझर म्हणाला.

"तो श्वास नाही, नुसती घरघर आहे! छाती दाबा!" वहिनी ओरडली.

"गादी आणा रे!" सुपरवायझरनं हाक दिली.

आणि आणली. चौघांनी त्याला उचलून कोऱ्या गादीवर नीट, सरळ ठेवला, दरवर्षी ठेवायचे तसा. सुपरवायझर गुडघे टेकून दाबू लागला. जोर कमी नव्हता त्याचा, खोटं कशाला बोलू. पण देह नुसता वरखाली झुलत होता. त्या झुलण्याकडे बघत वहिनी किती वेळ उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. दोन मिनिटं? तीन? मग एकदम डोक्यात शिरलं. दबतोय तो फोम. छाती जशीच्या तशी.

"खाली घ्या! फरशीवर!"

"अहो, फरशी गार आहे..."

तिनं दोन्ही पाय धरले आणि दिराला ओढून फरशीवर घेतला. छातीच्या मधोमध तळहात, हात ताठ, अंगाचा सगळा भार. तिसऱ्या की चौथ्या दाबाला कट्‌ असा आवाज झाला. ती थांबली नाही. मोजत राहिली, आकडे संपले की पुन्हा एकपासून. खांद्यात आग पडली तेव्हा ओरडली, "या कोणीतरी!"

पॅकिंगवाला आला. त्यानं हात ठेवले, अगदी फोटोतल्यासारखे.

"जोरात!"

"त्याला लागेल हो."

"लागू दे! दुखलं म्हणून शिव्या घालायला उठला पाहिजे तो!"

तो रडत रडत दाबत राहिला.

अँब्युलन्स आली. डॉक्टरनं गादीकडे बघितलं, फरशीकडे बघितलं आणि विचारलं, "फरशीवर कधी घेतलं?" वहिनीनं सांगितलं. त्यानं मानेवरचं बोट काढून घड्याळात वेळ बघितली. शिव्या घालायला मुडदा उठणार नव्हता.

सोमवारी तपासणी झाली, ठरल्या वेळी. दोन मिनिटं शांतता पाळली, मग सुपरवायझरनं कोरी गादी अंथरली. "कोण झोपतंय?" खाली मान घालून त्यानं विचारलं.

सगळे एक पाऊल मागे सरकले. वहिनी उठली. तिनं गादी पायानं सारली आणि फोमच्या कातरणानं दगडासारखं ठासलेलं एक पोतं ओढत आणून फरशीवर आपटलं.

"बसा, साहेब. दाबा," ती सुपरवायझरला म्हणाली.

तपासणीसानं कॅमेरा वर केला.

"फोटो नंतर," ती म्हणाली. "आधी हात भरून येऊ देत."

सुपरवायझरनं वीस वेळा दाबलं आणि धापा टाकत वर बघितलं.

"अँब्युलन्स येईपर्यंतची दहा मिनिटं काढायचीत," वहिनी म्हणाली. "आणि तुमच्या मागे रांग लावा. सगळ्यांची."