साडेचार मिलिमीटरचा हट्ट

मित्रांनो, मी एक जुने वाफेचे इंजिन आहे. मात्र माझ्यात वाफ कधीच नव्हती आणि माझी लांबी जेमतेम एक वीत आहे. माझा जन्म आयर्लंडमधल्या कॅरिगबेग गावी, फिंटन गेराटी यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला.

फिंटन रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. तिथे सहा चाकांचे एक काळे इंजिन होते. ऐंशी वर्षे त्याने गुरांच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्या ओढल्या होत्या. मग डिझेल इंजिने आली आणि त्याला मोडीत काढायचे ठरले. फिंटन मोजपट्टी घेऊन त्याच्या पोटाखाली शिरले आणि त्यांनी त्याचा खिळान् खिळा मोजून वहीत उतरवला. त्या वहीवरून त्यांनी मला घडवले. पितळी पत्रा कातरला, कानशीने घासला, डाख देऊन जोडला. नळाच्या तुकड्यातून माझे धुरांडे निघाले. माझ्यामागे जोडायला त्यांनी दोन हिरवे डबेही केले. त्यांच्या खिडक्यांच्या चौकटी काडेपेटीतल्या काड्यांच्या होत्या. हे सगळे दोन हिवाळे चालले.

"आज टेबलावर जेवायला मिळेल, की ताटं घेऊन शेडमध्ये जायचं?" असे त्यांची बायको रोज विचारी. लहानगी डिम्फना मात्र हनुवटी टेबलाला टेकून तासन्‌तास बापाचे हात बघत बसे.

आता मुख्य गोष्ट सांगते. हो, 'सांगते'च म्हणेन. आमच्याकडे इंजिनाला बाईमाणूस मानतात. आयर्लंडमध्ये दोन रुळांत पाच फूट तीन इंचांचे अंतर असते, म्हणजे शेजारच्या इंग्लंडपेक्षा साडेसहा इंच जास्त. फिंटननी तेच अंतर लहान करून माझी चाके एकवीस मिलिमीटरवर बसवली. पण दुकानात मिळणारे खेळण्यातले रूळ इंग्लंडहून येत आणि ते साडेसोळा मिलिमीटरचेच असत. गावातल्या मॉडेल क्लबातले सगळे जण आपल्या आयरिश गाड्या त्याच चिंचोळ्या रुळांवर पळवत. त्यात काही चुकते आहे, असे कोणाला वाटतही नव्हते.

एका रविवारी फिंटन मला क्लबात घेऊन गेले. बारा वर्षांची डिम्फना सोबत होती. त्यांनी मला रुळांवर ठेवले, तर माझी चाके दोन्ही बाजूंना बाहेर पडली. मी पाय फाकून, जाड्या बदकासारखी बसले.

"फिंटन, तुझ्या इंजिनानं जरा जास्तच बटाटे खाल्लेत रे!" मॅलकी टायर्नी ओरडला. मॅलकी तेव्हा विशीतला होता आणि रेल्वेत रूळ टाकायच्या कामावर नुकताच लागला होता. सगळा हॉल खदखदून हसला.

फिंटननी मला बिस्किटांच्या डब्यात ठेवले, झाकण लावले आणि ते घरी आले. पुन्हा त्या क्लबाची पायरी ते चढले नाहीत. मला एकदा तरी धावताना पाहायचे त्यांचे राहूनच गेले.

मित्रांनो, त्या डब्यात मी साठ वर्षे काढली. फिंटन गेले, त्यांची बायको गेली. डिम्फना मोठी होऊन मुख्य लाइनीवरच्या रेल्वे फाटकावर नोकरीला लागली. हाताने फाटक लावणे, उघडणे. उन्हापावसात तीस वर्षे. दरवर्षी नाताळच्या आधी ती मला बाहेर काढून तेलाचा एक थेंब देई आणि पुन्हा ठेवून देई. तेवढाच काय तो माझा दिवस.

मग गावातली जुनी लाइन बंद पडल्याला साठ वर्षे झाली, म्हणून क्लबाने शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचे ठरवले. त्या लाइनीवरच्या काळ्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती जगात एकच होती, ती म्हणजे मी. आता क्लबाचा अध्यक्ष झालेला, ऐंशी वर्षांचा मॅलकी टोपी हातात घेऊन डिम्फनाच्या दारात आला.

चहा झाला. मॅलकीने मला उचलून चष्म्याखालून न्याहाळले. "देखणी आहे गं. फक्त चाकं तेवढी आत दाबून घेतो. पाच मिनिटांचं काम."

"चाकांना हात लावायचा नाही," डिम्फना म्हणाली.

"अगं, मग ती आमच्या रुळांवर चालणार कशी?"

"नाही चालणार. बाबांची चूक नव्हती, मॅलकी. तुमचे रूळ चुकीचे आहेत. चाळीस वर्षं तू पाच फूट तीन इंचांचे रूळ टाकलेस आणि घरी येऊन इंग्लंडच्या रुळांवर गाड्या पळवतोस! लाज कशी वाटत नाही?"

मॅलकीचे कान लाल झाले. "दुकानात मिळतात तेच वापरतो आम्ही. तुला दुसरे हवेत तर तूच बनव जा!"

"बनवते."

आणि बहात्तराव्या वर्षी डिम्फना डाख द्यायला शिकली. बोटे भाजली, टेबलाला डाग पडले. फिंटनच्या वहीतली मापे समोर ठेवून तिने रुळांखालचा एकेक आडवा स्लीपर कापला आणि त्यावर एकेक रूळ जोडला. पाच महिन्यांत अठरा फूट लांबीचा, एकवीस मिलिमीटरचा लांबगोल मार्ग तयार झाला. माझ्या पोटातली विजेची मोटर तिने दुरुस्त करून घेतली. चाके होती तशीच ठेवली.

प्रदर्शनाच्या सकाळी लोक यायच्या आधी तिने मला मार्गावर ठेवले. चाके रुळांवर चपखल बसली. बटण दाबले आणि मी निघाले. सरळ मार्गावर छान पळाले, पण वळणावर आले आणि घसरून पडले. दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा पडले, ते दोन्ही डब्यांसकट.

डिम्फनाचा चेहरा पांढराफटक पडला. दारात लोक जमू लागले होते. आता पुन्हा तेच हसू ऐकावे लागणार, असे मला वाटले.

मॅलकी लांबून पाहत होता. त्याला राहवले नाही. गुडघ्यांना शिव्या देत तो खाली वाकला आणि त्याने एक डोळा मिटून वळणाच्या रेषेत नजर लावली.

"अगं वेडे, वळणावरही तू नेमके एकवीसच ठेवलेस?"

"बाबांच्या वहीत एकवीसच आहेत."

"तुझा बाप इंजिनवाला, त्याला रुळांतलं काय कळतं! वळणावर रूळ जरा सैल सोडायचे असतात. खऱ्या लाइनीवर हेच तर करत आलो जन्मभर. आण ती डाखणी इकडे."

ऐंशी वर्षांचा तो माणूस जमिनीवर बसला. डिम्फना डाख तापवून सोडवत होती, मॅलकी रूळ केसभर बाहेर सारत होता.

"चालव आता," तो म्हणाला.

मी निघाले. वळण आले. माझी सहाही चाके रुळांना धरून वळली, हिरवे डबे मागोमाग वळले आणि आम्ही सरळ मार्गावर आलो. पुन्हा वळण, पुन्हा सरळ. हॉलमध्ये टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खिडक्यांची तावदाने थरथरली! एक फेरी, दहा फेऱ्या, पन्नास फेऱ्या. दिवसभरात मी एकदाही घसरले नाही. साठ वर्षांची धाव मी त्या एका दिवसात धावून घेतली. डिम्फना एकीकडे रडत होती आणि एकीकडे ओरडत होती, "बघा! माझ्या बापाचं इंजिन आहे ते!"

मॅलकी तिच्याजवळ आला. "त्या रविवारी मी हसलो होतो," तो म्हणाला. "हसायला नको होतं." मग घसा खाकरून क्लबातल्या मंडळींकडे वळला. "काय बघताय? सोमवारपासून आपले सगळे रूळ उखडायचे. आणि नवे कसे टाकायचे, ते या बाईंना विचारायचं."

आज त्या क्लबात एकवीस मिलिमीटरच्या चार लाइनी आहेत आणि पहिली गाडी सोडायचा मान माझा असतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू कुठल्या तरी डब्यात पडून असेल. तिला तेलाचा थेंब द्या, फडक्याने पुसा. आणि ती तुमच्या रुळांवर बसत नसेल, तर तिची चाके दाबण्याआधी एकदा आपले रूळ मोजून पाहा.