मागच्या रांगेतल्या दोघी

“काशम्मा, पाटी उचल आणि दारापाशी जाऊन बस. चल, ऊठ!”

मथुराबाईंचा आवाज वर्गभर घुमला. शाळेला लागूनच कापडाची गिरणी होती. तिच्या खडखडाटावर मात करत बाराखडी शिकवता शिकवता बाईंचा आवाज मुळात नव्हता तेवढा करडा झाला होता.

काशम्मा साखरपेठेतल्या चन्नप्पा विणकराची, अजीजा हुसेनसाब टांगेवाल्याची. पहिलीत दोघी मागच्या रांगेत मांडीला मांडी लावून बसत. वाचायला चुणचुणीत, पण कुजबुज अखंड. परीक्षेला शाळा तपासणारे डिपोटीसाहेब येणार म्हटल्यावर बाईंनी जोडी फोडली. एक दारापाशी, दुसरी खिडकीपाशी.

“आमी बोलत न्हाय बाई,” काशम्मा रडवेली झाली. “आमी वाचतोय की!”

“मग तोंड मिटून वाचा.”

आणि दुसऱ्या दिवसापासून दोघींची गाडी रुतली. फळ्यावर ‘गवत’ लिहून काशम्माला उभं केलं, तर ती नुसती अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. अजीजाचं अक्षर मोत्यासारखं. पण बाईंनी ‘गाडी’ म्हटलं की तिच्या पाटीवर ‘काठी’ उतरायची. मुली खिदळायच्या. मोठ्या बाई म्हणाल्या, “दोघींना परत खाली बिगरीत बसवा.”

ते ऐकून चन्नप्पा शाळेत आला. “डोस्क्यात शिरत न्हाय तर ऱ्हाऊ द्या बाई. घरी कांड्या भरंल. मागाला सूत लागतंय की.”

“परीक्षेपर्यंत तरी थांबा,” मथुराबाई म्हणाल्या. त्यांना चुटपुट लागली होती. काल वाचणारी पोर आज विसरते कशी?

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत पाण्याच्या रांजणामागे त्यांना दोघी दिसल्या. अजीजा काशम्माच्या तळव्यावर बोटानं काहीतरी रेखत होती. काशम्मा तिच्या डाव्या कानाला तोंड लावून सांगत होती, “गाडी! ग, ग! गळ्यातनं काढ.”

“अजीजा,” बाईंनी मागून हाक मारली. काशम्मा दचकून वळली. अजीजाची मान हललीसुद्धा नाही.

बाईंनी पाटीवर ठळक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि थोडं लांब जाऊन ती धरली. “काशम्मा, काय लिहिलंय?”

काशम्मानं डोळे बारीक केले. “काय न्हाय बाई. पाटी कोरी हाय.”

पाटीवर तिचंच नाव होतं.

मथुराबाईंनी पाटी खाली केली. आता त्यांना उलगडलं. एकीनं फळा पाहायचा, दुसरीनं बाईंचं ऐकायचं, आणि दोघींनी मिळून धडा वाचायचा. कुजबुज म्हणून आपण मोडलं ते हेच.

संध्याकाळी त्या साखरपेठेत गेल्या. चन्नप्पा मागावर होता.

“पोरीला चष्मा?” तो उडालाच. “बाई, लगीन कोण करंल तिच्याशी?”

“आणि कांड्या भरताना तुटलेला धागा दिसेल का तिला?”

चन्नप्पाचा हात थांबला. कोपऱ्यात काशम्मा कांडी अगदी नाकाला लावून सूत गुंडाळत होती. त्यानं तिकडं पाहिलं.

“मला वाटायचं, वास घेती सुताचा,” तो हळूच म्हणाला. “कवा जायचं डाक्टरकडं?”

हुसेनसाबनं दोघींसाठी टांगा जोडला. वाटभर अजीजा घोड्याला मोठमोठ्यानं धडा म्हणून दाखवत होती. डॉक्टरांनी काशम्माला चष्म्याचा नंबर लिहून दिला, मग अजीजाचे कान तपासले. लहानपणी उजवा कान फुटायचा, तो आता गेला; डावा मात्र ठीक होता.

“डाव्या बाजूनं बोला,” डॉक्टर म्हणाले.

“अन् आमी म्हणायचो, पोरगी हट्टी हाय, हाक मारली तर येत न्हाय,” हुसेनसाब म्हणाला आणि परतीच्या वाटेवर लेकीचा डावा कान आपल्याकडं यावा म्हणून तिला उजव्या हाताला घेऊन बसला.

चष्मा पुण्याहून यायचा होता, तोवर परीक्षा आली. मथुराबाईंनी डिपोटीसाहेबांना सगळं सरळ सांगितलं. काशम्मानं पुस्तक नाकाशी धरून धडा वाचला. साहेबांनी अजीजाच्या डाव्या कानाशी वाकून शब्द सांगितले. तिची ‘गाडी’ गाडीच राहिली. दोघी पास!

मग एकदाचा चष्मा आला. बाईंनी तो काशम्माच्या कानांमागे नीट अडकवला आणि म्हणाल्या, “हं, आता फळ्यावरचं वाच.”

काशम्मानं फळ्याकडं पाहिलंच नाही. ती बाईंकडं पाहत होती.

“बाई, तुमी हसताय व्हय?”

“मग? रडू की काय?”

“आमाला वाटायचं तुमी सारख्या रागंच भरताय.” आणि ती आता पहिल्या रांगेत बसवलेल्या अजीजाच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडली, “अगं, बाई हसत्यात!”

“त्यात काय?” अजीजा सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. “मी रोजच बघते की!”

वर्ग खो खो हसला. “गप्प बसा!” मथुराबाई गिरणीच्या आवाजाच्याही वर कडाडल्या. काशम्मा मात्र चष्म्यातून त्यांचं तोंड बघत उभीच राहिली.